न बोललेली बंदूक

लेस्टर हेवनरला कमी ऐकू येतं, हे खोऱ्यातल्या लहानथोरांना ठाऊक होतं. सगळा जन्म कापडगिरणीत मागांच्या दुरुस्तीत गेला, आणि कान तिथंच राहिले. मागांच्या गदारोळात बोलून उपयोग नसे, म्हणून तो हातवाऱ्यांनी बोलायला शिकला. गिरणीतून बाहेर पडल्यावरही तोंड उघडायची सवय त्याला काही परत लागली नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसे. दुकानाच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं, तर हाच एक पाऊल मागं सरके. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. ओढ्याच्या वळणावरच्या घरात तो एकटा राहायचा.

वर्षातून एक दिवस मात्र लेस्टरवाचून खोऱ्याचं पान हलत नसे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ठासणीच्या बंदुका घेऊन ताफा घरोघर निघतो, त्या ताफ्याच्या दारूच्या पुड्या लेस्टर भरायचा. गोळी, छर्रा काही नाही, नुसती दारू. नळीत पुडी रिकामी करायची, दस्ता जमिनीवर दोनदा आपटायचा, की बार तयार. ठासायला गज लागत नाही, म्हणून त्या दिवशी गज कुणी बरोबरही घेत नाही. उडालेला प्रत्येक बार लेस्टरला छातीच्या मधल्या हाडात कळायचा. कुठली बंदूक कुणाची, हेही तो त्या हाडानंच ओळखायचा. पण हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक हसले असते.

रीत जुनी. ताफा दारात उभा राहतो. कप्तान गाऱ्हाणं म्हणतो. घरधनी दार सताड उघडून म्हणतो, "उडवा!" मग बंदुकांचे घोडे चढतात, कप्तान डोक्यावरची हॅट हातात उंच धरतो, आणि हॅट खाली आली की पहिला बार, त्याला लागून दुसरा, तिसरा, रांगेच्या शेवटापर्यंत. धूर दारातून घरात शिरतो आणि जुन्या वर्षाचं जे काही कोपऱ्यात बसलेलं असेल त्याला हुसकतो. "उडवा" आणि हॅट यांच्या मधल्या वेळात मात्र कुणी बोलायचं नाही. कुत्र्यालासुद्धा हाक मारायची नाही. जो बोलेल तो पुढचं गाऱ्हाणं मातीखालून ऐकेल, असं म्हणतात. हे सांगताना सगळे हसतात. बोललेलं मात्र आजवर कुणी नव्हतं.

आणि ताफ्यातला कुणी वर्षभरात गेला असेल, तर त्याची बंदूक त्याच्या रक्ताचं माणूस दिवसभर उडवतं, शेवटची त्याच्या स्वतःच्या दारात. ती तिथं बोलली की माणूस सुटला. तोवर त्याचे कपडे कुणाला द्यायचे नाहीत, आणि तो जिथं गेला त्या खोलीची खिडकी लावायची नाही.

त्या साली लेस्टरचा थोरला भाऊ आर्लो गेला. पानं गळायच्या दिवसांत, रात्री अंथरुणातच. आर्लो ताफ्यातला सगळ्यात जुना बंदुकवाला. बाकीच्यांच्या बंदुका टोपीच्या, घोड्याखाली तांब्याची टोपी फुटून पेटणाऱ्या; त्याची एकट्याची चकमकीची, गारेच्या ठिणगीनं पेटणारी, पणज्याच्या वेळची. बार उडवायच्या आधी तो नेहमी घसा खाकरायचा, "खं-हं" असा, जणू बंदुकीऐवजी स्वतःच बोलणार आहे. त्याच्या बायकोनं, नेव्हानं, त्या पहाटे खोलीची खिडकी वर सरकवली. खिडकीची दोरी कधीचीच तुटलेली, ती वर टिकेना. हाताशी आर्लोच्या बंदुकीचा गज होता, तोच तिनं खाली टेकू म्हणून लावला. डिसेंबर सरत आला तरी खिडकी तशीच. आत शिरलं की थंडीनं दात वाजायचे.

बायबलवर्गाच्या खोलीत ताफ्याची बैठक बसली, तेव्हा कप्तान डॉर्सी कायझरनं टेबलावर प्लास्टिकची एक बाटली ठेवली. डॉर्सी शाळेची बस चालवायचा. त्याचा आवाज बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मंडळी, काळी दारू आता विसरा. ठेवायची तर दुकानदाराला लोखंडी कोठार पाहिजे, परवाना पाहिजे, वर विमेवाला रोज दारात येऊन रडणार. आपल्या दुकानदारानं हात टेकलेत. ही नवी दारू घ्या. तीच मापं, धूर तेवढाच, चुकून ठिणगी पडली तर भसकन पेटत नाही, आणि बंदूक धुवायला सोपी."

लेस्टरनं बाटली उघडून नाकाशी नेली. करडे, हलके दाणे. त्यानं पुन्हा हुंगलं.

"वास नाही," तो म्हणाला.

"तेच तर सांगतोय ना!"

"गंधकाचा..."

"गंधकाची एवढी आठवण येत असेल, तर नासकं अंडं खिशात ठेव, लेस्टर. खर्च मी देतो."

सगळे हसले. लेस्टरही हसला. हसणं त्याला बोलण्यापेक्षा सोपं जायचं. बाहेर गाडीपाशी डॉर्सी एकटा सापडला, तेव्हा त्यानं धीर केला.

"डॉर्सी, टोपीच्या बंदुका पेटवतील ही दारू. टोपीचा जाळ सरळ आत जातो. पण आर्लोची चकमकीची आहे. तिचा जाळ बाहेर वाटीत, आणि आत जायला सुईएवढं भोक. तिला काळीच लागते."

"मग आण काळी. कुठून आणशील?"

आर्लोच्या शिंगात काळी दारू असणारच होती. दारू भरून ठेवायचं त्याचं ते बैलाचं शिंग कधी रिकामं नसे. लेस्टर नेव्हाकडे गेला. ती उघड्या खिडकीच्या खोलीत, अंगावर आर्लोचा कोट घालून, घेवडा सोलत बसली होती.

"शिंग?" ती मान वर न करता म्हणाली. "ते त्याच्याबरोबर गेलं."

"पेटीत?"

"पेटीत. आता खणून काढतोस का?"

लेस्टर दफनाला होता. त्याला भावाचे छातीवर ठेवलेले हात आठवले, शिंग आठवेना. पण पेटीचं खालचं झाकण बंद होतं, तेव्हा असेलही. तो "बरं" म्हणाला आणि निघाला.

मग त्यानं आणि डॉर्सीनं गोठ्यामागं नवी दारू करून पाहिली. रंजकदाणीच्या, म्हणजे वाटीत घालायच्या बारीक दारूच्या डबीच्या, तळाशी काळी पूड उरली होती, नळीला नाही पण दिवसभर वाटीला पुरेल एवढी; तिच्यातली चिमूटभर लेस्टरनं घोड्याखालच्या वाटीत घातली. चाप ओढला. वाटीत भप्पकन जाळ झाला, आणि पुढं काहीच नाही. मग, बराच वेळ गेल्यासारखा वाटल्यावर, धडाम्. नळीत बसलेलं कुणीतरी उत्तर द्यावं की नाही याचा विचार करत होतं, असं लेस्टरला वाटलं.

"वाजली ना?" डॉर्सी म्हणाला.

"वाजली."

"मग झालं तर!"

मधली ती पोकळी लेस्टरला आवडली नव्हती. पण न आवडलेलं सांगायला जीभ लागते. तो घरी गेला आणि त्यानं करड्या दारूच्या पुड्या भरल्या. नव्या दारूचा हाताला वासच लागेना, म्हणून त्यानं उगीचच दोनदा हात धुतले.

पहिल्या दिवशी धुकं असं दाट होतं, की कुंपणाचे खांब एकेक करून समोर यायचे. आर्लोची बंदूक त्याच्या मुलीच्या, ट्वायलाच्या हातात होती. तिशीची, गावातल्या दवाखान्यात परिचारिका, हाताला धीट, पण आयुष्यात बंदूक कधी उडवलेली नव्हती. बापाची जागा रांगेच्या मध्यावर, तिथं ती उभी राहिली. कानात कापूस, आणि चाप ओढताना डोळे मिटलेले.

पहिल्या घरी बंदूक वाजली. जरा उशिरा, पण वाजली. लेस्टरनं श्वास सोडला. आत तळलेल्या काळजाच्या वड्या, चवळी, कॉफी झाली, ताफा पुढं निघाला.

दुसऱ्या घरी बार एकामागून एक छातीच्या हाडावर आपटत आले, आणि मध्यावर एक आलाच नाही. दात पडल्यावर जीभ जशी खाचेत जाते, तसं लेस्टरचं मन त्या जागी गेलं. पुढचे बार नेहमीसारखे.

धूर विरेपर्यंत थांबून तो पुतणीकडे गेला.

"पोरी, तुझी वाजली का?"

"वाजली की, काका! बघ ना, भुवया जळायच्या राहिल्यात."

तिच्या गालावर वाटीतल्या रंजकाचं काळं होतं. वाटी रिकामी होती. आजूबाजूच्यांनीही जाळ पाहिला होता. डॉर्सी जाता जाता लेस्टरच्या पाठीवर थाप मारून ओरडला, "काय झालं? ऐकू नाही आली? अरे, तुला तर शेवटच्या दिवशी देवदूत फुंकतात तो कर्णासुद्धा चिठ्ठी लिहून कळवावा लागणार आहे!"

तिसऱ्या घरी पुन्हा तेच. बार, बार, बार, मग खाच, मग बार. पण या खेपेला त्या खाचेत काहीतरी होतं. "खं-हं." अगदी स्वच्छ, डाव्या खांद्याच्या मागं, घसा खाकरल्याचा आवाज. लेस्टर वळला. मागं धुकं आणि कुणाच्यातरी कोंबड्यांची जाळी. ज्याला समोरच्या माणसाची हाक ऐकू येत नाही, त्याला खाकरणं ऐकू यावं?

मग दिवसभर, घरामागून घर, तीच खाच आणि तेच खाकरणं. लेस्टरचं खाण्यावरचं मन उडालं. आर्लोला ही दारू नको आहे, म्हणून तो बंदुकीला बोलू देत नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. भाऊ हयात असतानाही रुसला की असाच घसा खाकरून गप्प बसायचा. चूक आपलीच. बैठकीत चार शब्द नीट बोललो असतो तर? पण आता कुणाला सांगणार, आणि सांगणार तरी काय? मेलेला माणूस रुसलाय, असं? तो ताफ्याच्या शेपटाला चालत राहिला.

दुपार कलली तशी ट्वायला बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊ लागली.

"दे इकडं, मी धरतो थोडा वेळ," लेस्टर म्हणाला.

"नको, काका. मीच न्यायची ना? पण खरं सांगू?" ती त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली. "सकाळपासून ही जड होत चाललीय. म्हणजे हात दुखतायत, ते वेगळं. ही खरंच जड होतेय. कुणीतरी नळीला लोंबकळतंय असं वाटतं."

लेस्टरनं नळीकडे पाहिलं. काळं, गोल तोंड. आत काही दिसत नव्हतं.

दिवस मावळायच्या सुमाराला ताफा आर्लोच्या दारात पोचला. धुक्याला जांभळा रंग चढला होता. घरात दिवा नव्हता. नेव्हा उंबऱ्यात उभी होती, आर्लोच्या कोटाचे हात तिच्या बोटांच्या खाली आलेले. डावीकडे ती खिडकी, अर्धी उघडी, तिच्या खाली गज.

बंदुका भरल्या. दस्ते जमिनीवर आपटले. डॉर्सीनं गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचा मोठा आवाज धुक्यात ओल्या कापडासारखा पडत होता.

"घरधनिणी, ऊठ. जुनं वर्ष उंबऱ्यावर बसलंय, जायला मागत नाही. तुझ्या पिठात कीड न पडो. तुझ्या विहिरीला तळ न दिसो. पाळण्यातलं रांगो, रांगतं ते चालो. आणि गेलं ते मागं वळून न बघो. बोल, उडवू का?"

नेव्हा बोलेना. तिनं एकदा ट्वायलाच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. लेस्टरनंही नकळत खिडकीकडे पाहिलं. मळकट, गुळगुळीत लाकडी गज, टोकाला पितळ. आर्लो हा गज भरलेल्या नळीत घालून बघायचा. त्यानं गजावर चाकूनं खूण केली होती. एकाच बाराची दारू असेल तर ही खूण तोंडाशी येते. खूण वर राहिली, तर आत काहीतरी जास्त आहे.

आत काहीतरी जास्त आहे.

वाटीत जाळ होत होता. आत बार होत नव्हता. पहिल्या बाराच्या काजळीनं ते सुईएवढं भोक बुजलं असणार, धुक्यानं उरलेलं काम केलं असणार. आणि पोर, डोळे मिटून, शेजाऱ्यांच्या धडाक्यात आपलीच वाजली असं समजून, प्रत्येक दारात नवी पुडी ओतत आली होती. त्याच्यावर आणखी. त्याच्यावर आणखी. म्हणून जड. आता भोक मोकळं झालं आणि ठिणगी आत गेली, तर नळी तिच्या गालाशी फुटणार होती.

"उडवा," नेव्हा म्हणाली.

घोडे चढले. डॉर्सीनं हॅट वर धरली. खोऱ्यात जिला कुणी कधी हात लावला नव्हता, ती शांतता पसरली. लेस्टरचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. डाव्या खांद्यामागं कुणीतरी घसा खाकरला.

"थांब!" लेस्टर ओरडला. "ट्वायला, खाली ठेव! कुणी चाप ओढू नका!"

गिरणीतल्या सगळ्या वर्षांचं न बोललेलं त्या एका ओरडण्यात होतं. कुणीतरी "देवा!" म्हणालं. डॉर्सीची हॅट वरच राहिली, चेहरा पांढरा. लेस्टर कुणाकडे न बघता पायऱ्या चढला, अंधाऱ्या खोलीत शिरला आणि त्यानं खिडकीखालचा गज उपसला. मागं खिडकी धाडकन खाली आली. तो आवाज सगळ्यांना बारासारखा वाटला. नेव्हानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लेस्टरनं ट्वायलाच्या हातून बंदूक घेतली, घोडा हळूच उतरवला आणि नळीत गज सोडला. गज आत गेला आणि अडला. खूण नळीच्या तोंडापासून हातभर वर राहिली.

मग ट्वायला मटकन पायरीवर बसली.

बंदूक उलटी करून लेस्टरनं दस्त्यावर बुक्क्या मारल्या. करडे दाणे ओल्या गवतावर पडत राहिले, पडत राहिले, मुंग्यांच्या लहानशा वारुळाएवढा ढीग झाला. डॉर्सी त्या ढिगाकडे बघत उभा होता.

"गोठ्यामागं वाजली होती ना रे?" तो हळूच म्हणाला. लेस्टरला ते ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"वाजली होती," तो म्हणाला.

"मग आता? हिला काय घालायचं? ही बोलली नाही, तर आर्लो..."

नेव्हा वळून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बैलाचं शिंग होतं. तिनं ते लेस्टरपुढं धरलं, पण सोडलं नाही.

"पेटीत नव्हतं," ती म्हणाली. "दाराच्या मागंच होतं. मला वाटलं, काळी नाही मिळाली तर ही बोलणार नाही. नाही बोलली, तर अजून एक वर्ष राहील तो. रात्री खाकरतो, लेस्टर. तेवढंच तर करतो. काय बिघडलं असतं कुणाचं?" मग तिनं पायरीवर बसलेल्या मुलीकडे पाहिलं आणि शिंग सोडलं.

लेस्टरनं भोक सुईनं मोकळं केलं. शिंगातून एक बार काढला. काळी, चकचकीत दारू, बोटाला लगेच गंधक लागलं. ट्वायला पायरीवरून उठेना, म्हणून बंदूक त्यानंच खांद्याला लावली. चकमक पडली, आणि जाळ व बार एकदमच. मध्ये पोकळी नाही, विचार नाही. सगळा दिवस रिकामी राहिलेली छातीतली ती जागा भरली. पिवळट, कुजकट धूर दारातून आत गेला. कोपऱ्यात बसलेला माणूसही उठून जाईल, असा वास.

ताफा घाईनं पांगला. लेस्टरशी हात मिळवताना काहींनी दुसरीकडे पाहिलं. मध्ये बोललेल्या माणसाकडे सरळ बघायला कुणाला धीर होत नव्हता. तो घरी पोचला, दार लावलं, दिवा लावला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गज अजून आपल्या हातातच आहे. त्यानं तो मागच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवला.

आठवड्यानं, संध्याकाळी, तो चुलीशी बसला असताना मागच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

पुढचं वर्ष त्यानं कसं काढलं ते त्यालाच ठाऊक. छातीत कळ आली की आपली वेळ भरली असं वाटे. शिडीवर चढेना, ओढा ओलांडेना. आणि मागची खोली. कधी खाकरणं, कधी नुसताच गंधकाचा वास. हळूहळू तो एक कप कॉफी जास्त करू लागला. कशासाठी, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

वसंतात चर्चच्या आवारात नेव्हा त्याच्याजवळ आली. आर्लोचा कोट तिनं देऊन टाकला होता.

"गज तुझ्याकडंच आहे ना?" तिनं तोंड त्याच्या समोर आणून विचारलं.

"आहे. आणून देतो. राहूनच गेलं."

"घाई नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आता काही आवाज नसतो, लेस्टर. त्या दिवशी खिडकी आधी पडली आणि बंदूक मागून बोलली. मी रात्री पडल्या पडल्या तेच जुळवत बसते. बाहेर कुठून गेला असेल तो?" मग अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, "तुझ्याकडे खाकरतो का?"

लेस्टरनं मान हलवली. हो.

"बरं," ती म्हणाली. "उपाशी नको ठेवूस." आणि तिच्या डोळ्यांत पाणी असूनही दोघं हसली.

वर्ष फिरून आलं आणि लेस्टर जिवंत होता. त्या साली डॉर्सी दोन परगणे ओलांडून, परवाना काढून, काळी दारू घेऊन आला. टोपीच्या बंदुकांसाठी नवी घ्यायला हरकत नाही, असं लेस्टरच म्हणाला होता. डॉर्सीनं ऐकलं नाही. "मला आता खात्रीनं वास येणारी पाहिजे," तो म्हणाला.

ताफा लेस्टरच्या दारात आला तेव्हा सकाळ होती, कोवळं, पाणीदार ऊन. ट्वायला रांगेच्या मध्यावर होती. आता डोळे उघडे ठेवून. गाऱ्हाणं संपलं. "बोल, उडवू का?"

"उडवा," लेस्टर म्हणाला.

घोडे चढले. हॅट वर गेली. ती शांतता पसरली, आणि तिच्यात, त्याच्या पाठीमागं, रिकाम्या घरातून, अगदी खांद्याशी, आवाज आला. "खं-हं."

ताफ्यातल्या एकालाही तो ऐकू आला नसावा. सगळे हॅटकडे बघत होते. लेस्टर वळला नाही. तो काहीही बोलला नाही. पण हॅट खाली यायच्या आत उंबऱ्यातून मागं सरला, मागच्या खोलीत गेला, खिडकी वर सरकवली आणि भिंतीशी उभा असलेला गज उचलून खाली टेकू लावला.

मग बार आले. एकामागून एक, छातीच्या हाडावर, मध्यावरचा आर्लोच्या बंदुकीचा, पुढचे सगळे. खाच कुठंच नव्हती. पुढच्या दारानं शिरलेला पिवळा धूर घरभर फिरला, मागच्या खोलीत आला, आणि खिडकीतून बाहेर ओढ्याकडे गेला. लेस्टर बाजूला सरून त्याला वाट देत उभा राहिला.